लहानसा फरक, मोठा शोध

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर बोलण्यासाठी मला उभे केले, याचे काही जणांना नवल वाटले असेल. मी बी.ए., बी.एड. आहे; वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. विज्ञानाची सूत्रे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला एक सवय असते. एखादी गोष्ट घडली एवढे कळून त्याचे समाधान होत नाही. ती कशी घडली, कोणी घडवली, त्या दिवशी त्या माणसाच्या हातात काय होते, हे त्याला विचारावेसे वाटते. विज्ञानातील काही शोधांना मी हेच प्रश्न विचारले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे.

आपल्या मुलांच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे. शोध लावायचा तर माणूस अलौकिक बुद्धीचा हवा, प्रयोगशाळा मोठी हवी, पैसा अमाप हवा. आपल्यासारख्या साध्या घरातल्या मुलाचे किंवा मुलीचे ते काम नव्हे. पालकांच्याही मनात तेच असते. बुद्धी आणि साधने लागतात हे मी नाकारत नाही. परंतु शोधाची सुरुवात पुष्कळदा अगदी क्षुल्लक गोष्टीपासून होते. मी तीन हकीकती सांगणार आहे. पहिलीत पाऊण डॉलर आहे, दुसरीत दशांश चिन्हापुढचे तीन आकडे आहेत, आणि तिसरीत आपल्या घरच्या डब्यात असणारा एक जिन्नस आहे.

पहिली हकीकत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातली आहे. बर्कले येथे लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा नावाची मोठी संस्था आहे. तेथे क्लिफर्ड स्टॉल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या कामाचे अनुदान संपले, तेव्हा १९८६ साली त्यांना संस्थेच्या संगणक विभागात पाठवण्यात आले. त्या काळी एकच मोठा संगणक अनेक जण वापरीत आणि ज्याने जितका वेळ वापरला तितके पैसे त्याच्या खात्यावर मांडले जात. हा हिशेब दोन वेगवेगळ्या पद्धतींनी होत असे. ऑगस्ट महिन्यात दोन्ही हिशेबांत ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक आला. त्या वेळच्या भावाने आपले नऊ-साडेनऊ रुपये. नव्या माणसाला काम समजावे म्हणून साहेबांनी तो फरक स्टॉल यांना शोधायला सांगितला.

आता आपण दुकानदार असतो तर काय केले असते? पाऊण डॉलर खिशातून टाकून वही मिटवली असती. स्टॉल यांनाही आधी वाटले की बेरजेत कुठे तरी अपूर्णांक सुटला असेल. त्यांनी हिशेबाचा कार्यक्रम ओळीने तपासला, तर तो बरोबर निघाला. मग आढळले की ‘हंटर’ या नावाने कोणीतरी काही सेकंद संगणक वापरला आहे आणि त्या नावापुढे पैसे कोणाकडून घ्यायचे याची नोंदच नाही. म्हणजे घरात एक माणूस वावरतो आहे आणि तो कोणाचा पाहुणा, हे कोणालाच ठाऊक नाही!

स्टॉल यांनी त्याला लगेच हाकलले नाही. त्यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईची यंत्रे जोडली, म्हणजे तो पाहुणा जे जे टंकील ते इकडे कागदावर उमटावे. आणि रोजच्या रोज तारीख-वेळ घालून एका वहीत नोंदी ठेवल्या. तक्रार घेऊन ते केंद्रीय तपास अधिकाऱ्यांकडे गेले, तेव्हा नुकसान किती झाले असे त्यांना विचारण्यात आले. पाऊण डॉलर, हे उत्तर ऐकून कोणी फारसे लक्ष दिले नाही. तरी वही चालूच राहिली. सुमारे दहा महिन्यांत असे दिसले की तो घुसखोर या प्रयोगशाळेच्या वाटेने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावून गेला होता आणि त्यांतील तीसहून अधिक दारे उघडली होती. त्यांत अमेरिकेच्या लष्कराचे संगणक होते. त्याला अधिक वेळ गुंतवून ठेवण्यासाठी स्टॉल यांनी खोट्या सरकारी कागदपत्रांचा ढीग रचून ठेवला. तो वाचत बसला आणि तेवढ्या वेळात टेलिफोनच्या तारेचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोवर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस हा तो माणूस. आपल्या साथीदारांसह तो मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होता. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. स्टॉल यांनी ही सारी हकीकत १९८९ साली एका पुस्तकात लिहिली आणि पुस्तकाच्या नावात कोकिळेच्या अंड्याचा उल्लेख केला. दुसऱ्याच्या घरट्यात हळूच ठेवलेले अंडे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कावळ्याला चांगले ठाऊक आहे.

यातील एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. त्या घुसखोराने कुलुपे फोडली ती फार थोड्या ठिकाणी. बऱ्याच ठिकाणी कुलूप नुसते नावाला होते. संगणक विकत घेताना कारखान्याने जो पासवर्ड घालून दिला होता, तोच कोणी बदललेला नव्हता. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात संगणक आहे, कारण मोबाईल हा संगणकच आहे. आपला पासवर्ड मुलाचे नाव किंवा जन्मसाल असेल, तर आपणही किल्ली दाराला अडकवूनच बाहेर पडलो आहोत. बँकेच्या संदेशात दहा-वीस रुपयांची अशी वजावट दिसली जी आपण केलेली नाही, तर ‘जाऊ दे, दहाच रुपये तर आहेत’ असे म्हणू नका. बँकेत जा, विचारा. फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवा; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक कोणी कितीही गोड बोलून मागितला, तरी सांगू नका.

दुसरी हकीकत याहून पंचवीस वर्षे आधीची आहे. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. वारा, उष्णता, हवेचा दाब यांचे एकमेकांशी जे नाते आहे ते बारा समीकरणांत मांडून त्यांनी संगणकात एक लहानसे हवामान तयार केले होते. खऱ्या आकाशावर प्रयोग करता येत नाही, म्हणून आकड्यांचे आकाश करून त्यावर प्रयोग करायचा. यालाच शास्त्रीय प्रतिरूप म्हणतात. त्यांचा संगणक टेबलाएवढा होता, त्यात जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह होते, आणि गतीच्या बाबतीत तो आजच्या साध्या मोबाईलपुढेही काहीच नव्हता.

१९६१ साली एकदा लॉरेन्झ यांना आधी काढलेला एक निकाल पुन्हा, अधिक लांबवर पाहायचा होता. सुरुवातीपासून न करता त्यांनी मधूनच गणित सुरू केले. जुन्या छापील कागदावरचे आकडे पाहून यंत्रात भरले आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन पाहतात तो काय! सुरुवातीला नवे हवामान जुन्याच्या पावलावर पाऊल टाकून चालत होते. पुढे थोडे सरकले, मग आणखी सरकले, आणि दोनेक महिन्यांच्या हवामानानंतर दोन्हींत काहीच साम्य उरले नाही. गणित तेच, यंत्र तेच, आकडे तेच, मग उत्तर वेगळे कसे?

प्रथम त्यांना वाटले, एखादा व्हॉल्व्ह बिघडला असेल. परंतु कारागिराला बोलावण्यापूर्वी त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि कारण सापडले. संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर जागा वाचवण्यासाठी छापला जाई ०.५०६. शेवटचे तीन आकडे गळाले होते. हा फरक हजारातल्या एका भागाहूनही कमी. साध्या समजुतीप्रमाणे एवढ्याशा फरकाने उत्तरातही एवढासाच फरक पडायला हवा. येथे मात्र तो फरक दर चार-पाच दिवसांच्या हवामानात दुप्पट होत गेला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तांदळाच्या दाण्यांची आणि बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आपण ऐकलीच आहे.

या निरीक्षणावर त्यांनी १९६३ साली निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून विज्ञानाची एक नवी शाखा वाढली. १९७२ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी विचारले की ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वावटळ उठेल काय. तेव्हापासून हे फुलपाखरू जगभर प्रसिद्ध आहे. याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की अनेक आठवड्यांनंतरच्या एखाद्या दिवशी पाऊस पडेल की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही, याचे कारण आज कळते. म्हणून हवामानशास्त्रज्ञ आता एकच गणित करून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा करतात, आणि बहुतेक उत्तरे काय म्हणतात ते पाहून अंदाज देतात. युरोप-अमेरिकेत ही पद्धत १९९२ साली नित्याची झाली. आपल्या देशात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या मदतीने २०१८ साली अशाच पद्धतीचा, अवघ्या १२ किलोमीटरच्या जाळीवर चालणारा अंदाज सुरू झाला. समुद्रात होडी घालावी की नाही हे ठरवणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारालाही त्या गळालेल्या तीन आकड्यांचा फायदा मिळतो.

येथे मुलींसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. लॉरेन्झ यांच्या त्या यंत्राला गणिते घालून देण्याचे काम मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्यानंतर एलन फेटर या दोन तरुण स्त्रियांनी केले होते. यांतील हॅमिल्टन यांनी पुढे अपोलो यानाच्या संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या चमूचे नेतृत्व केले. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा यानातील संगणक त्या कार्यक्रमांवर चालत होता.

तिसरी हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. १८८१ साली जर्मनीत वाल्टर हेस्से नावाचे एक डॉक्टर हवेतील जंतूंचा अभ्यास करीत होते. पुढे ते बर्लिनला थोर शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतही काम करू लागले. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते ओळखायचे तर एकेक जात वेगळी करून वाढवावी लागते, आणि त्यासाठी घट्ट थर लागतो. रसात सगळे जंतू एकमेकांत मिसळतात. घट्ट थरावर प्रत्येकाची वसाहत जागच्या जागी ठिपक्यासारखी वाढते. त्या वेळी असा थर जिलेटीनचा करीत. परंतु जिलेटीन उन्हाळ्याच्या उष्म्यात पातळ होई. माणसाच्या शरीरातले जंतू तर ३७ अंशांना वाढतात, आणि तेथे जिलेटीन टिकतच नाही. शिवाय काही जंतू जिलेटीनच खाऊन त्याचे पाणी करीत. महिनोन्महिन्यांची मेहनत अशी ओघळून जाई.

हेस्से यांची पत्नी फॅनी नवऱ्याला प्रयोगशाळेत मदत करीत असे आणि जंतूंची चित्रेही काढून देत असे. तिचा जन्म न्यूयॉर्कचा. उन्हाळ्यात तिने केलेली जेली आणि पुडिंग मात्र घट्टच राहत. एक दिवस वैतागलेल्या डॉक्टरांनी तिला विचारले, तुझी जेली का विरघळत नाही? तिने सांगितले की ती त्यात अगर-अगर घालते. न्यूयॉर्कमध्ये तिच्या शेजारी जावा बेटावर राहून आलेले एक डच कुटुंब होते. त्यांच्याकडून ती हे शिकली होती.

हे अगर-अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून निघणारा पदार्थ. भगिनींनो, आपण त्याला चायनाग्रास म्हणतो! रमजानमध्ये किंवा ईदला दुधाचे पुडिंग आपण ज्याने घट्ट करतो, तोच हा जिन्नस. उकळत्या पाण्यात तो विरघळतो, चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. बहुतेक जंतूंना तो खाताही येत नाही. प्रयोगशाळेला हवे ते सर्व गुण घरातल्या जेलीत होते. हेस्से यांनी ही युक्ती कॉख यांना कळवली. पुढे १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी काढली, आणि बशी व अगर यांची जोडी आजवर सुटलेली नाही. आपल्या लघवीचा किंवा जखमेचा नमुना डॉक्टर ‘कल्चर’ला पाठवतात आणि अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, कारण तेवढ्या वेळात बशीतल्या अगरवर जंतू वाढवून पाहायचे असतात. कोणते औषध त्यांना मारील हेही त्याच बशीत ठरते.

कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूंवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात अगरचा ओझरता उल्लेख आहे; फॅनी हेस्से यांचे नाव नाही. हेस्से दांपत्याने त्यातून काही पैसाही मिळवला नाही.

आता या तिन्ही हकीकती एकत्र ठेवून पाहू. तिन्हींत माणसे हुशार होती, परंतु त्या त्या दिवशी उपयोगी पडली ती एक साधी सवय. मनाच्या अपेक्षेत आणि डोळ्यांपुढच्या वस्तूत फरक पडला, तेव्हा त्यांनी तो झाकला नाही. हिशेब जुळत नाही, कागद जुळत नाहीत, माझे जिलेटीन वितळते आणि तुझी जेली वितळत नाही, असे का?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या प्रयोगवहीकडे वळतो. अनेक शाळांत, आणि आपली शाळा त्याला अपवाद नाही, प्रयोगाचे उत्तर आधी मार्गदर्शकातून वहीत उतरते आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवली जातात. उदाहरण देतो. पाणी १०० अंशांना उकळते असे पुस्तकात आहे. पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने तापमापक लावला, तर पारा ९८ च्या आसपास थांबतो. विद्यार्थी घाबरतो, गुण जातील म्हणतो, ९८ खोडतो आणि १०० लिहितो. बाळांनो, ९८ हेच बरोबर होते! पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांनाच उकळते. त्या मुलाने खोडरबराने दोन अंश पुसले, त्याबरोबर सगळा घाट पुसून टाकला. आणि समजा, चूक तापमापकाचीच असली, तरी तापमापक चुकतो हे कळणे हेही ज्ञानच आहे.

यात शिक्षकांचीही जबाबदारी आहे, हे मी माझ्या सहकाऱ्यांसमोर आदराने सांगतो. जुळलेल्या उत्तराला पूर्ण गुण आणि न जुळलेल्या खऱ्या नोंदीला लाल रेघ, अशी पद्धत ठेवली तर आपण वर्षाकाठी अनेक मुलांना खोटी नोंद करायला शिकवतो. न जुळलेल्या नोंदीपुढे ‘असे का झाले असावे?’ एवढे लिहून वही परत करता येईल. त्याला खर्च काही नाही.

मात्र एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक फरकात मोठे रहस्य असते असे नाही. शंभरातले बहुतेक फरक साध्या चुकीचे असतात, आणि फरक दिसताच कारस्थान शिजले असे ओरडणे हाही एक रोगच आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवा अशाच जन्मतात. स्टॉल यांना आधी बेरजेची चूक वाटली, लॉरेन्झ यांना व्हॉल्व्हचा दोष वाटला. साधे कारण आधी तपासावे आणि ते खोटे ठरले तरच पुढे जावे. तपासल्याशिवाय मानू नये, आणि तपासल्याशिवाय फेकूही नये.

शेवटी पालकांशी दोन शब्द. मूल घरी ‘असे का?’ विचारते, तेव्हा दमलेला बाप ‘गप्प बस’ म्हणतो. मी तुम्हाला दोष देत नाही; दिवसभर राबून आलेल्या माणसाला उत्तर सुचत नाही. परंतु उत्तर देता आले नाही तरी ‘मला ठाऊक नाही, उद्या सरांना विचार आणि मलाही सांग’ एवढे म्हणता येते. अशा घरातल्या मुलाचा प्रश्न जिवंत राहतो.

आणि मुलींविषयी. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणारी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात दिसत नाही, असे आपल्या समाजात अजून घडते. कारण विचारले तर सांगतात, ‘घरकाम शिकते आहे.’ घरकामाला मी कमी लेखत नाही. आत्ताच सांगितलेली तिसरी हकीकत घरकामातूनच निघाली. परंतु फॅनी हेस्से यांचे स्वयंपाकघरातले ज्ञान जगाला मिळाले ते त्यांना प्रयोगशाळेचे दारही उघडे होते म्हणून. नवऱ्याची अडचण काय आहे हे त्यांना समजत होते, म्हणून त्यांच्या उत्तराला किंमत आली. आपल्या मुलीच्या हातात चायनाग्रास आहेच. तिला सूक्ष्मदर्शकापर्यंत जाऊ द्या. आणि पुढे तिने काही केले, तर त्याखाली तिचे नाव लिहा.

विद्यार्थी मित्रांनो, उद्यापासून एक लहानशी वही करा. रोज एकच ओळ लिहा. आज मला काय वाटले होते, आणि प्रत्यक्षात काय दिसले. तारीख घाला. खोडू नका. वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन आमच्याकडे या. उत्तरे आमच्याजवळ असतील किंवा नसतील, पण आपण मिळून शोधू.